जुनी इलेक्ट्रिक गाडी : हिशेब धावण्यावर

वीज स्वस्त असल्यामुळे जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली की बचत ठरलेलीच, हे मत मला अर्धेच पटते. टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 30.2 युनिटांची होती. ती एका चार्जिंगमध्ये 200 किलोमीटर चालली आणि घरची वीज युनिटला 10 रुपये धरली, तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये पडतात, पेट्रोलला सुमारे 7. महिन्याला हजार किलोमीटर यवतमाळ-नागपूर करणाऱ्याचे वर्षाला 60 हजारांच्या आसपास वाचतील, केवळ तालुक्याच्या बाजारापुरती गाडी काढणाऱ्याची बचत मात्र बॅटरी बदलण्याच्या लाखांच्या खर्चापुढे टिकणार नाही. शिवाय आपल्याकडचे मे महिन्यातील 45 अंशांचे ऊन बॅटरीचे आयुष्य कमी करते, म्हणून उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे आधी लेखी घ्यावे.