शब्दचर्चा: पाण्याची ‘क्षारता’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: घरी बिअर करायची म्हणून नळाच्या पाण्याचा अहवाल मिळवला. त्यात ‘काठिण्य’ आणि ‘क्षारता’ अशा दोन ओळी आहेत. दोन्ही ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ मिलिग्रॅम प्रति लिटर. मग एकाच गोष्टीला दोन नावं का? आणि जड पाणी ते हेच ना?

— गोष्टी दोन आहेत, मोजपट्टी तेवढी एक. काठिण्य म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती ते. क्षारता म्हणजे पाणी किती आम्ल रिचवू शकतं ते. नळाच्या पाण्यात हे काम मुख्यतः बायकार्बोनेट करतं. बिअरमध्ये हे दोघे एकमेकांविरुद्ध जातात. कॅल्शियम माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फॉस्फेटशी संयोग पावून मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजलेल्या माल्टचा, सामू खाली आणतं. बायकार्बोनेट तो वर ढकलतं. हवा असतो साधारण ५.२ ते ५.६. जर्मन बिअरशास्त्रज्ञ पॉल कोलबाख यांनी १९५३ साली याचं गणित मांडलं: कॅल्शियमच्या काठिण्याला ३.५ने भागा, मॅग्नेशियमच्या ७ने, बेरीज क्षारतेतून वजा करा. उरते ती ‘शेष क्षारता’. गडद माल्ट स्वतःच आम्लधर्मी असल्यानं काळ्या बिअरला ती थोडी जास्त असलेली चालते.

— गणित ठीक, पण ‘क्षारता’ या शब्दालाच माझा आक्षेप आहे. शाळेत आपण आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकलो. त्या हिशेबानं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) हा क्षार, पण तो घालून ही ‘क्षारता’ तसूभरही वाढत नाही! वाढतं ते काठिण्य. हिंदीत क्षार म्हणजे आम्लारी आणि आपल्या क्षाराला तिथे लवण, त्यामुळे घोळात भर. शिवाय सामान्य माणूस क्षारता वाचून खारेपणा समजतो. मी ‘अल्कता’ लिहितो.

— काठिण्य जास्त असलेल्या पाण्याला ‘जड पाणी’ बोलताना चालेल. लिहिताना नको, ते अणुभट्टीतलं. जुना ‘दुष्फेन’ मला आवडतो: साबणाला फेस येऊ न देणारं. उलट ते सुफेन.

प्रश्नकर्ता: घरात सॉफ्टनर आहे. म्हणजे माझं पाणी सुफेन, काम झालं?

— उलट बिघडलं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, बायकार्बोनेटला हातही लावत नाही. अल्कता जशीच्या तशी, आणि ती तोलणारं कॅल्शियम गायब. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी घ्या. ते उकळून निवू दिलं की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं आणि अल्कता उतरते. कॅल्शियमही थोडं जातं, ते जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइडनं भरून काढा. तरी सामू चढा राहिला तर थोडं लॅक्टिक आम्ल, मोजून.

— जाता जाता: क्लोराइड आणि क्लोरिन यांत गल्लत नको. क्लोराइडनं चवीला भरीवपणा येतो. क्लोरिन मात्र बिअरला औषधी वास आणतं. ते उकळल्यावर उडून जातं. क्लोरॅमीन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) इतक्या सहज जात नाही, त्याला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं.