उचिमुरा टोकियोत संपला नाही

टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉरिझॉन्टल बारवरून (उंचावरच्या आडव्या दांड्यावरून) हात सुटला आणि जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा याची कारकीर्द तिथेच आटोपली, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याच वर्षी, २०२१च्या ऑक्टोबरमध्ये, जागतिक स्पर्धा झाली ती किताक्यूशूला, त्याच्या जन्मगावी. पदक हुकलं, सहावा आला. पण बारच्या अंतिम फेरीतलं त्याचं लँडिंग जरूर बघा. पाय टेकले ते टेकलेच, तसूभरही हलले नाहीत!

आणि रिओ ऑलिंपिक २०१६? ऑल-अराउंडमध्ये, म्हणजे सहाही साधनांचे गुण एकत्र धरणाऱ्या स्पर्धेत, पाच साधनं झाली तेव्हा युक्रेनचा व्हेर्न्याएव ०.९०१ गुणांनी पुढे होता. उरला फक्त बार. उचिमुराने १५.८०० मिळवले, व्हेर्न्याएवला १४.८०० मिळाले. ऑल-अराउंडचं सुवर्ण ०.०९९ गुणांनी उचिमुराचं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण आधीच खिशात होतं, शिवाय २००९ ते २०१५ मध्ये ओळीने सहा जागतिक ऑल-अराउंड विजेतेपदं. सहाही साधनांवर इतकी वर्षं टिकून राहणं, याला पुरुष जिम्नॅस्टिक्समध्ये माझ्या मते तोड नाही. ही घोडदौड थांबली ती २०१७ला मॉन्ट्रियलमध्ये, व्हॉल्टवर (धावत येऊन मारायच्या उडीत) घोटा दुखावल्यामुळे. तेव्हाही त्याला कोणी गुणांवर हरवलं नव्हतं.