आज्ञापालन शिकवताना प्रश्न दाबू नका

ताई, नववी-दहावीच्या मुलांना बायबलमधला अब्राहाम-इसहाकाचा धडा (देव अब्राहामाकडे त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी मागतो तो) देऊ नये, ती उलट प्रश्न विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, तोच धडा आधी घ्या. नाशिकला शरणपूर भागात मी संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल वर्ग, घेते. तिथे एका मुलीने वही मिटून सरळ विचारलं, "देवाने मुलाचा बळी मागितलाच कसा?" मी तिला बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 18वा अध्याय उघडायला लावला. तिथे देव सदोम शहराचा नाश करणार असतो आणि हाच अब्राहाम त्या शहरासाठी देवाकडे रदबदली करतो. तिथे 50 नीतिमान सापडले तर शहर वाचवशील ना, मग 45, 40, 30, 20, 10. ती ओळींवर बोट ठेवून आकडे वाचत गेली. देव एकदाही त्याला गप्प बसवत नाही! त्यानंतर इसहाकाच्या बळीचा 22वा अध्याय घेतला, तेव्हा मुलं चिडून नाही, मन लावून वाद घालत होती. मला तो वाद विश्वासाचाच भाग वाटतो.

आणखी एक. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्राचा 6वा अध्याय 'आईबापांच्या आज्ञेत राहा' इथेच सोडू नका. चौथ्या वचनात बापांनाही बजावलंय, मुलांना चिडीस आणू नका. पालक आलेले असतील तेव्हा ते वचन मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या.