श्रद्धेपासून दुरावलेलं माणूस कुणी, कसं परत आणलं? (अनुभव धागा)

आषाढ-श्रावण आला की घरोघरी एखादं नाव निघतंच, "तो येतो का रे आता?" थोरल्या ज्ञानदादांनी, म्हणजे ज्ञानेश्वरांनी, ताटी (झोपडीचं दार) लावून घेतली तेव्हा धाकट्या मुक्ताईने त्यांना समजावून बाहेर आणलं. तीच मुक्ताई इ.स. 1297 मध्ये आपल्या तापीकाठी अंतर्धान पावली. नात्याच्या, शब्दाच्या बळावर तुम्ही कुणाला परत आणलंत का? जमलं नसेल तर तेही लिहा. नावं नकोत, गाव पुरे.

शिंदखेडा
वडील गेले त्या वर्षी थोरल्या भावाने देवाचं नावच टाकलं. "एवढं करून काय मिळालं?" म्हणाला आणि सुरतेला निघून गेला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचे रोट (नैवेद्याच्या पोळ्या) असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, मग दळण. चुलते म्हणायचे, जो मानत नाही त्याचे कशाला? आई उत्तर द्यायची नाही. मूठ भरायची, वरची पाव मूठ घालायची आणि पुढचं नाव घ्यायची. मी दरवर्षी फोनवर त्याला तेवढंच कळवायचो, "भाऊ, तुन्ही मूठ टाकेल शे" (तुझी मूठ टाकली आहे). ये असं कधी म्हटलं नाही. एका वर्षी शनिवारीच तो बायको-मुलांसह भुसावळच्या गाडीने येऊन उतरला. सोमवारी विसर्जनाला नदीपर्यंत अनवाणी चालला. मधल्या वर्षांबद्दल भाऊबंदांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही, हे फार चांगलं केलं त्यांनी.

अमळनेर
मी निवृत्त मुख्याध्यापक. जुने विद्यार्थी माझा शब्द खाली पडू देत नाहीत, म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. एक पोरगा दारूच्या नादी लागला. बापाने गळ घातली, "गुरुजी, तुम्ही सांगा, माळ घालेल." माझ्या भिडेने घातलीही असती, पण भिडेची माळ टिकत नाही. मी त्याला हरिपाठाला पखवाजाशेजारी बसवलं. वर्गात बाक सुरेख वाजवायचा. हळूहळू हात बसला. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात भजन रंगलं, तेव्हा पखवाज त्याच्याकडे होता. माळ त्याने पुढे स्वतःहून मागितली. डॉक्टरांची औषधं मात्र मी बंद करू दिली नाहीत. सगळं देवावर सोडून औषध टाकायला लावणारी मंडळी मला पटत नाहीत.

नवापूर
लग्न मोडल्यावर मावसबहिणीने चर्चला येणं सोडलं. देवावर राग नव्हता, लोकांच्या चौकशा नकोशा झाल्या होत्या. मी तिला घेऊन मागच्या बाकावर बसायचे आणि उपासना संपली की दोघी लगेच निघायचो. नाताळच्या गाण्यांची तयारी सुरू झाली, तेव्हा ती आपणहून पुढे जाऊन उभी राहिली.

रावेर
माझं जमलेलं नाही. उन्हाळ्यातल्या वादळात कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली, त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही. मी शपथा घातल्या, सासूबाई रडल्या; ते आणखीच गप्प झाले. शेवटी नणंद म्हणाली, "वहिनी, त्याला कर्जाचं विचारा, देवाचं नको." तसं केलं. रात्री वही घेऊन दोघं हिशेबाला बसलो आणि खूप दिवसांनी ते नीट बोलले. मुक्ताईच्या पालखीला निरोप द्यायला मी कोथळीला जाते, तेव्हा गाडीवर सोडायला येतात, पण देवळात येत नाहीत. यंदाही विचारणार आहे. नाही म्हणाले तर बाहेर थांबा म्हणेन आणि दर्शन घेऊन येईन.