पिल्लू मलूल दिसलं, मग तुम्ही काय केलं?

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरामागे अकरा कोंबड्या आहेत. जुलैच्या झडीत एके सकाळी त्यातलं पाच आठवड्यांचं एक पिल्लू टोपल्याआड उभं दिसलं. पिसं फुगलेली, मान आखडलेली, डोळे मिटलेले. बाकीची पिल्लं कणकीवर तुटून पडली होती आणि हे जागचं हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "गारठलंय ते, उन्हात ठेव." पण तीन दिवस ऊन पडलंच नव्हतं. दुपारी शीटमध्ये रक्त दिसलं तेव्हा मी पिल्लू सुपात घालून, वरून ओढणी टाकून, थेट सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं.

रक्ती हगवण निघाली. खुराड्यातलं तूस ओलं राहिलं की त्यात हा रोग वाढतो, आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो जास्त धरतो. पाण्यातून द्यायला अँप्रोलियम दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही देताय का?" मी सकाळपासून मोठ्या विश्वासाने बी-कॉम्प्लेक्सचे थेंब देत होते. ते ताबडतोब बंद करायला लावलं. अँप्रोलियम त्या जंतूला बी-१ मिळू देत नाही, त्यावरच ते काम करतं. आपण वरून तेच जीवनसत्त्व पाजलं तर औषध वाया जातं. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून हा धागा काढतेय.

तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसलं, तुम्ही काय केलं, काय चुकलं, ते लिहा. पिल्लू दगावलं असेल तरी लिहा.

हिंगणा रोडवरून

आमची नऊ पिल्लं एका रात्रीत गेली होती. दोष रोगाचा नव्हता. डिसेंबरचे दिवस होते, नागपुरात पारा दहाच्या खाली उतरला होता. आधीच्या वर्षी पिल्लांवर शंभराचा जुना पिवळा बल्ब असायचा. तो उडाला म्हणून मी एलईडी लावला. उजेड लख्ख, पण ऊब काहीच नाही. सकाळी पाहिलं तर सगळी एकावर एक चढून कोपऱ्यात, खालची चेंगरलेली.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. मी आता थर्मामीटर ठेवतो, पण खरं तर पिल्लांकडे बघूनच कळतं. बल्बखाली गर्दी केली तर थंडी आहे, बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी टाकली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून चिवचिवत असली तर ठीक.

कामठीहून

आमच्याकडे याच्या उलट. नवतपा सुरू होता, बाहेर ४५ अंश. पिल्लं पंख लांब धरून धापत होती. माझ्या मुलाने घाबरून एकाला फ्रिजच्या पाण्यात बुडवलं, ते तिथेच गेलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही. त्याला दोष देऊ शकत नाही, त्याला वाचवायचंच होतं.

आता दुपारी खुराड्यावर ओलं पोतं, मातीच्या परळात पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि गूळ. दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच, कारण पोटात दाणा असला की अंगात आणखी उष्णता होते.

नरेंद्र नगरातून

मला एकच सांगायचंय, ते पाणी पाजण्याबद्दल. आजारी पिल्लाची चोच उघडून ड्रॉपर आत घालू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. थेंब चोचीच्या कडेला लावा. पिल्लू जीभ हलवून स्वतः ओढून घेतं. मग दुसरा थेंब. एका पिल्लामागे मला वीस मिनिटं लागायची. माझी दोन पिल्लं अशीच तगली.

पारडीहून

दारावर सायकलवाला रंगीत पिल्लं घेऊन यायचा. मुलींनी हट्ट करून चार घेतली, एक गुलाबी, दोन हिरवी, एक जांभळं. तिसऱ्या दिवशी हिरवं पिल्लू जोर लावून ओरडायला लागलं. उचलून पाहिलं तर बुडाशी शीट वाळून खडा झालेला, वाटच बंद. ओढून काढू नका, कातडी निघते. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून नुसता धरून ठेवला. पाच-सात मिनिटांनी खडा मऊ पडून आपोआप सुटला. मग कोरडं करून खोबरेल लावलं. हा रंग त्यांच्या कोवळ्या पिसांवर लावलेला असतो, पिल्लं आधीच थकून आलेली असतात. मी आता ती घेत नाही, मुलींनाही समजावलंय.

दिघोरीहून

पोळ्याच्या आसपास डास झाले की आमच्याकडे देवी येतात. तुऱ्यावर आणि डोळ्यांच्या कडेला आधी फोड, मग काळ्या खपल्या. एकाचे दोन्ही डोळे मिटले होते, दाणा दिसत नव्हता. दोन आठवडे त्याला हातावर भिजवलेला भात भरवला. खपल्या उचकटायच्या नाहीत, आपोआप गळतात. विषाणूवर औषध नाही, पण चारा-पाणी पोटात गेलं तर बरीच पिल्लं तरतात. आमच्या गल्लीतली पोरं त्या वर्षी पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीमागे ओरडली होती, "कोंबड्यांच्या देवी घेऊन जा गे मारबत!" आता सहा-आठ आठवड्यांची झाली की पंखाच्या पडद्यात लस टोचून घेतो.

कोराडी रोडवरून

आमची मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात गेली, चौदाच्या चौदा. हिरवी पातळ शीट, मान वळून पाठीकडे. यावर उपचार नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी अगदी हळुवारपणे सांगितलं. त्याआधी एका दुकानदाराने माणसाच्या गोळ्या पूड करून द्यायला सांगितल्या होत्या, त्यात दोन दिवस गेले.

लस का टोचली नव्हती? कारण बाटलीत शंभर-शंभर डोस असतात आणि आमच्याकडे कोंबड्या चौदा. एवढ्यासाठी कोण आणणार, असं वाटलं. आता आमच्या वस्तीत सहा घरं मिळून एक बाटली आणतो. बर्फात आणायची, कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. म्हणून संध्याकाळी सगळे आपापल्या टोपल्या घेऊन एका अंगणात जमतो. सातव्या दिवसाच्या सुमारास लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, महिन्याभराने पुन्हा, आणि सहा-आठ आठवड्यांना आर-टू-बी ही दुसरी लस. मलूल पिल्लाला त्या दिवशी लस द्यायची नाही.

वाडीहून

रोग कळेना, पिल्लू नुसतं पांढरं पडत चाललं होतं. तुरा फिक्का, चालताना झोकांड्या. पंख उचलून पाहिला तर खाली गोचिडाची बारीक पिल्लं चिकटलेली, राळ्याच्या दाण्याएवढी. मोठे गोचीड दिवसा अंगावर नसतातच. रात्री अकराला टॉर्च घेऊन खुराड्यात गेलो. बांबूच्या आणि तुराट्यांच्या फटीतून बाहेर येऊन कोंबड्यांच्या पायांवर चढत होते. त्या तुराट्या जाळल्या, फटी सिमेंटने बुजवल्या, चुना मारला. औषध डॉक्टरांनीच दिलं. गोचिडाचं औषध कोवळ्या पिल्लाला जास्त झालं तर विषबाधा होते, ते अंदाजाने करू नका.

गोरेवाड्याच्या बाजूने

एकच पिल्लू आजारी असेल तर वरचं सगळं ठीक. पण दोन दिवसांत एकदम बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तर कुणाला हात लावू देऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये नागपुरात बर्ड फ्लू आला होता, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच दगावल्याची बातमी आली. मेलेलं पाखरू नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा.

मानेवाड्याहून, पुन्हा मी

सगळं वाचलं. कोराडी रोडच्या ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. आमच्या गल्लीत कोंबड्यांची चार घरं आहेत, उद्याच सगळ्यांशी बोलते.

आमचं पिल्लू पाचव्या दिवशी कणकी टिपू लागलं. पण परत सोडलं तर मोठ्यांनी टोचून डोक्याची पिसं काढली. आठ दिवस वेगळं राहिलं, तेवढ्यात त्याला परकं केलं. मग शेजारच्या आजींनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस ते अंगणाच्या मधोमध डालग्याखाली ठेवलं, म्हणजे सगळ्यांना दिसतं पण चोच पोचत नाही. काल अंधार पडल्यावर, सगळ्या माळ्यावर बसल्या तेव्हा, हळूच दोघींच्या मध्ये नेऊन बसवलं. डावीकडची जरा सरकली, गुरगुरली आणि पुन्हा झोपली.