बॉयकॉट: आडनावाचं क्रियापद

बॉयकॉट हा 'बॉय' आणि 'कॉट' मिळून झालेला शब्द असावा, हा तर्क मजेदार आहे, पण मुळात ते एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 मध्ये खंडावरून वाद पेटला, त्याने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या आणि गावाने त्याच्याशी सगळे व्यवहारच तोडले. शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नासेक माणसं आणावी लागली, तीही शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात! पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचाच खर्च कितीतरी जास्त झाला. त्याच वर्षी हे आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापून येऊ लागलं. पुढे फ्रेंच आणि जर्मननेही ते उचललं.

अर्थात एक बारकावा आहे. बॉयकॉट सहसा अनेकांनी मिळून, निषेध म्हणून करायचा असतो. एखादा पदार्थ आवडत नाही म्हणून खाल्ला नाही, तर तो बॉयकॉट नव्हे. मराठी प्रतिशब्द म्हणून 'वाळीत टाकणं' जवळचं वाटतं खरं, पण ते माणसांपुरतंच. वस्तू, निवडणूक किंवा स्पर्धा वाळीत टाकता येत नाही, तिथे 'बहिष्कार' हाच शब्द हवा.