१६० फुटांतली माया म्हणे!

त्रस्त_चाळकरी
वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि तेव्हापासून ग्रुपवर एकच रडगाणं: '१६० चौरस फुटांत दहा माणसं हसतखेळत राहिली, आता ५०० फुटांत चौघं मुकी.' हे फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी पिंप घासलंय?
गिरणीच्या पाळ्या आठवा. पहिली सात ते साडेतीन, दुसरी बारापर्यंत, तिसरी पुन्हा सातपर्यंत. घरात दोन पाळ्यांची माणसं असली की एकाची झोप ती दुसऱ्याची जेवणवेळ. मग पोरं गॅलरीत हाकला, भांडं आपटू नका, स्टोव्हला पंप हळू मारा. याला माया म्हणायचं असेल तर सकाळची विरार लोकल म्हणजे गोकुळच.

अण्णा_लालबाग
साफ असहमत. माया जागेतून येत नाही, कामातून येते. सामायिक नळावरून २०० लिटरचं पिंप भरायचं तर १५ लिटरच्या हंड्याच्या चौदा खेपा. एक नळाशी, एक वाटेत, एक पिंपावर फडकं धरून. तिघांचं जमल्याशिवाय पाणी जाण्याआधी पिंप भरतच नाही. नव्या घरात घरच्यांनी मिळून करायचं एक काम सांगा. रिमोट शोधणं सोडून.

रेवा_स
तिघं म्हणजे कोण हो? आई, मोठी मुलगी, धाकटी मुलगी. आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. पुढे लघवीची जळजळ, ताप. मोरीला दार नाही, पडदा. त्या पडद्याआड अंघोळ, भांडी, कपडे बदलणं, सगळंच.
आणि 'कुटुंब' कसलं? कितीतरी खोल्या गावकीच्या. कोकणातले, घाटावरचे बाप्ये, माणशी एक ट्रंक नि एक खुंटी, बायकापोरं गावाला. जेवण खाणावळवालीकडे. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. घरच्यांशी जवळीक मनिऑर्डरीपुरती.

फळी_खिळा
सगळे पोटमाळा विसरले. नीट टाकला तर जागाही होते आणि मुलांना आपला कोपराही.

त्रस्त_चाळकरी
नीट म्हणजे? छत दहा फूट धरू. खाली उभं राहायला साडेसहा. तुळया-फळ्यांचे चार इंच गेले की वर तीन फूट दोन इंच. बसलं की डोकं छताला.

फळी_खिळा
झोपायला पुरतं. पूर्ण खोलीवर टाकू नका, मागच्या सहा फुटांतच टाका, म्हणजे पंखा वाचतो. शिडी काढती ठेवा, पायाला रबर लावा, आणि ती दारासमोर नको.

रेवा_स
मे महिन्यात वर झोपून दाखवा. गरम हवा, फोडणीचा धूर, सगळं वरच साचतं. गॅस गळला तर तो जड, जमिनीलगत पसरणार. तिथे खाली आजी झोपलेली, आणि वरच्यांची उतरायची वाट त्या गॅसमधूनच. मोरीचं पाणी जायचं भोक बोळा घालून बंद असलं तर मग बोलायलाच नको.

फळी_खिळा
बोळा उंदरांसाठी असतो, ताई. जाळी बसवा.

त्रस्त_चाळकरी
जाळी राहू दे, पोटमाळ्याचं लोखंडी चॅनल कुठे बसवलंत ते सांगा. सिमेंटच्या भिंतीला खाच पाडली की सळई उघडी पडते, खारट हवेत गंजते, फुगते, प्लास्टर सोडते. मग खालच्या खोलीवाल्याने छताचे पोपडे वेचायचे.

फळी_खिळा
सळई लागली की खाच तिथेच सोडायची, चार खांब उभे करून त्यांवर भार द्यायचा. एवढं न कळणाऱ्या कारागिराचा दोष पोटमाळ्याच्या माथी का?

त्रस्त_चाळकरी
खांब! १६० फुटांत आणखी चार खांब! धन्य.

अण्णा_लालबाग
धाग्याचं काश्मीर झालं, मूळ विषय राहिला बाजूला. रेवाताई, नळावर मुलीच असायच्या, हे कबूल. करावंच लागतंय. पण ५०० फुटांत तरी काय केलंत? दोन बेडरूम, दोन दारं, दोन टीव्ही. एकच टीव्ही बाहेर ठेवा, चार्जरची पट्टी स्वयंपाकघराच्या ओट्याशी लावा, पोळ्या जेवायच्या वेळीच लाटा. दोघं लाटायला-भाजायला, एक ताटं घ्यायला.

रेवा_स
पोळ्यांचं पटलं. लाटणार कोण, ते आधी लिहा.

अण्णा_लालबाग
पाळीपाळीने.

रेवा_स
पहिली पाळी तुमची. सात ते साडेतीन.